छोटं सॉफ्टवेअर विकणाऱ्याने कॉपी कशी थांबवायची? (अनुभव हवेत)

कळमन्याचा_कोडर

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा. अकरा वर्षं झाली, अडतदुकानांसाठी हिशेबाचं एक छोटं सॉफ्टवेअर करून विकतो. शेतकऱ्याची पट्टी (त्याच्या विकलेल्या मालाचा हिशेब), हमाली-तोलाई, व्यापाऱ्यांकडची उधारी, रोजमेळ, इतकंच त्यात आहे. कोड मीच लिहितो, दुकानात जाऊन बसवून मीच देतो, मुनीमजींना शिकवतोही मीच. किंमत ९,००० रुपये, सर्व्हिस वर्षाला २,०००.

मागच्या आठवड्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "भाऊ, कालपासून पट्टी प्रिंट होऊन नाही राहिली. लवकर या." दुकानाचं नाव विचारलं, तर माझ्या वहीत ते नाव नाही. तरी गेलो. प्रिंटरची केबल ढिली होती, दोन मिनिटांचं काम. मग डी ड्राइव्ह उघडून पाहिला. बॅकअपच्या फोल्डरला माझ्या एका जुन्या ग्राहकाच्या दुकानाचं नाव! कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या पोराने ५०० रुपयांत "टाकून" दिलं होतं. दुकानदाराला आपण काही चुकीचं केलंय हे माहीतच नव्हतं. त्याने मला चहा पाजला आणि वर दीडशे रुपये देऊ केले.

नंतर मार्केट यार्डात फिरून चौकशी केली. मी ६२ दुकानांना विकलंय. आणखी १९ ठिकाणी ते चालू आहे, आणि ही फक्त मला सापडलेली.

सध्या माझ्याकडे फक्त सिरियल नंबर आहे आणि तोच नंबर कुठेही चालतो. मला तीन वाटा दिसतात: यूएसबीचा डोंगल (पोर्टला लावला तरच प्रोग्रॅम चालतो), कॉम्प्युटरला बांधलेली किल्ली (त्या एकाच कॉम्प्युटरवर चालणारी), नाहीतर इंटरनेटवरून तपासणी. यार्डात नेटचा भरवसा नाही. तुम्ही काय करता? वापरणाऱ्यांनीही सांगा, कुठल्या कुलुपाने तुम्हाला त्रास झाला आणि कुठल्याने नाही.

---

बर्डीवाला

वाचतोय. आमच्या मेडिकल स्टोअरच्या सॉफ्टवेअरची हीच कथा आहे, संध्याकाळी लिहितो.

---

जुनी_फ्लॉपी

हा प्रश्न कॉम्प्युटरइतकाच जुना आहे. बिल गेट्सनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी कॉम्प्युटरवाल्यांना उघडं पत्र लिहिलं होतं. अल्टेअर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी केलेली त्यांची बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा सगळे वापरत होते, पण विकत घेणारे दहा टक्केही नव्हते. घातलेल्या वेळाचा हिशेब केला तर तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, असं त्यांनी त्यात लिहिलं होतं. कोडरभाऊ, तुमचं दुःख पन्नास वर्षांपूर्वी त्यांनाही होतं.

मी नव्वदीच्या सुरुवातीला व्हीआरसीईत होतो (आताचं व्हीएनआयटी). तेव्हा फ्लॉपीचा जमाना. कंपन्या फ्लॉपीवर मुद्दाम खराब सेक्टर ठेवायच्या. साध्या कॉपीत तो खराब भाग उतरायचा नाही, आणि प्रोग्रॅम सुरू होताना पहिला तोच शोधायचा. नाही सापडला की बंद. प्रोलॉक नावाच्या पद्धतीत तर फ्लॉपीच्या पृष्ठभागावरच खूण केलेली असायची, ती कॉपी करणार कशी? लोटस १-२-३ या आकड्यांच्या तक्त्यांच्या प्रोग्रॅमला मूळ फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालावी लागायची.

आणि फ्लॉपी म्हणजे किती नाजूक चीज. नागपूरचा मे महिना, लॅबचा कूलर बंद, वर धूळ. मूळ फ्लॉपी एकदा वाचेनाशी झाली की पैसे मोजलेला माणूस रिकाम्या हाताने बसायचा. म्हणून ज्यांनी विकत घेतलं होतं तेसुद्धा कॉपी टू पीसीसारखा प्रोग्रॅम वापरून त्या फ्लॉपीची प्रत काढून ठेवायचे. पुढे मोठ्या कंपन्यांनीच हे प्रकार सोडून दिले. चोर थांबत नव्हते आणि गिऱ्हाईक चिडत होतं.

---

अक्षरजुळारी

महालात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणूक असली की हँडबिलं. डोंगलला आमच्या धंद्यात "लॉक" म्हणतात. जुन्या काळी मराठी फॉन्टच्या पॅकेजला लॉक असायचंच. कॉम्प्युटरच्या मागे पॅरलल पोर्टला आधी एक लॉक, त्याच्या पाठीला दुसऱ्या पॅकेजचं लॉक, आणि त्याच्या शेपटाला प्रिंटरची केबल. टेबल भिंतीला लावायची सोय नाही, वीतभर जागा मागे सोडावी लागे.

एक वर्ष ऐन लग्नसराईत वीज कमीजास्त झाली आणि लॉक जळलं. पत्रिका स्क्रीनवर टाइप केलेली, प्रूफ पास झालेलं, पण फाइल उघडेना. कंपनीचं नाव घेत नाही, पण उत्तर मिळालं की जळलेलं लॉक पाठवा, तपासतो, नाहीतर नवीन पॅकेज घ्या. नव्याची किंमत पूर्ण! मी ते पॅकेज रोख पैसे देऊन घेतलं होतं, बिल आजही फाइलला आहे. शेवटी मुलीच्या वडिलांना घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो आणि सगळी पत्रिका पुन्हा टाइप केली. त्या दुकानात तेच पॅकेज होतं, लॉकशिवाय. कुणीतरी तोडून दिलेलं. त्याचं काम चालू आणि माझं बंद.

त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. लॉक लावायचं तर लावा, पण ते जळलं तर त्याच दिवशी दुसरं देण्याची तयारी ठेवा.

---

तर्री_जास्त

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे काका.

---

आयटीपार्क_गायत्रीनगर

मी लायसन्सिंगचंच काम करतो, म्हणून थोडं सविस्तर.

आधी हे समजून घ्या की कुलूप तोडतात कसं. कितीही मोठं कुलूप असलं तरी प्रोग्रॅममध्ये शेवटी एक प्रश्न असतो: लायसन्स बरोबर आहे का? हो तर इकडे, नाही तर तिकडे. मशीनच्या भाषेत हा फाटा म्हणजे एक बाइट. हेक्समध्ये ७५ असेल तर "उत्तर शून्य नसेल, म्हणजे लायसन्स बरोबर असेल, तरच उडी मार". त्या जागी ईबी लिहिलं की "काहीही असो, उडी मारच". एका बाइटचा फरक, आणि कुलूप दाराला लटकलेलं असूनही दार उघडं. डॉट नेटमध्ये लिहिलं असेल तर आणखी सोपं, आयएलस्पायसारख्या साधनात तुमचा कोड जवळजवळ तुम्ही लिहिला तसाच दिसतो. फॉक्सप्रोवाल्यांना तेच काम करणारा रीफॉक्स आठवत असेल.

डोंगलचंही तेच. डोंगल फक्त "मी आहे" एवढंच सांगत असेल तर त्याची नक्कल करणारा ड्रायव्हर लिहिता येतो. चांगल्या डोंगलमध्ये किल्ली आतच राहते. प्रोग्रॅम दर वेळी नवा आकडा पाठवतो, डोंगल तो आत एन्क्रिप्ट करून परत देतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रोग्रॅमचा थोडा महत्त्वाचा भागच डोंगलमध्ये चालवायचा. हास्प, सेंटिनेल, कोडमीटर ही त्यातली जुनी नावं. लाखो रुपयांच्या कॅड (आराखडे काढायच्या) किंवा मशीनच्या सॉफ्टवेअरला ते परवडतं. ९,००० च्या पॅकेजला दर गिऱ्हाइकामागे डोंगल, तो हरवला की नवा, यूएसबी पोर्ट खराब झाला की फेरी, हे जमायचं नाही.

कॉम्प्युटरला बांधलेल्या किल्लीबद्दल: हार्ड डिस्कचा व्हॉल्यूम नंबर घेऊ नका. तो फॉरमॅट केला की बदलतो. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने अनेक भागांची मिळून एक ओळख बनवली आणि त्यातले थोडे बदलले तरी चालेल अशी सवलत ठेवली. तरी कंपन्यांसाठीच्या ज्या किल्लीला अॅक्टिव्हेशन (मायक्रोसॉफ्टकडून चालू करून घेणं) लागतच नव्हतं, अशी एक किल्ली विंडोज दुकानात यायच्या आधीच फुटली.

तुम्हाला मी सही केलेली लायसन्स फाइल सुचवेन. तुमच्याकडे एक खासगी किल्ली, ती तुमच्या घरातून बाहेर जात नाही. सॉफ्टवेअरमध्ये फक्त सार्वजनिक किल्ली. खासगी किल्लीने सही होते, सार्वजनिक किल्लीने ती फक्त तपासता येते, नवी करता येत नाही. फाइल व्हॉट्सॅपवर पाठवा, नेट नसलं तरी चालते. खोटी फाइल कुणाला बनवता येणार नाही. प्रोग्रॅम फोडून तपासणीच काढून टाकणारा उरेल, पण ५०० रुपयांत "टाकून देणारा" पोरगा त्यातला नसतो. तो फोल्डर उचलतो आणि चिकटवतो. तुमचा सामना त्याच्याशी आहे.

---

वऱ्हाडी_हिशोब

माझं मत थोडं कडक आहे. ९,००० रुपये म्हणजे काही हिरे नाहीत. अडतदुकानदार एका दिवसात किती उलाढाल करतो हे मी जवळून पाहतो. त्याने तराजू चोरला असता का? हमालाची मजुरी बुडवली असती का? मग प्रोग्रॅमरची मजुरी काऊन बुडवायची? त्या १९ जणांचं सॉफ्टवेअर एका तारखेला बंद करून टाका. "पैसे भरा मग चालू करतो." एक पैसा कमी घेऊ नका.

---

सीए_रामदासपेठ

वऱ्हाडी_हिशोब, तुमचा राग समजतो, पण हा सल्ला कोडरभाऊंनाच अडचणीत आणेल.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, १९८४ च्या दुरुस्तीने कॉम्प्युटर प्रोग्रॅम त्यात आले. कलम ६३ब प्रमाणे चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद माफ करून फक्त दंड लावू शकतं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं: हक्क मोडण्याच्या हेतूने असं संरक्षण तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आणि कलम ५२ प्रमाणे कायदेशीर ग्राहकाला स्वतःसाठी बॅकअप प्रत ठेवायचा हक्क आहे, हेही लक्षात ठेवा.

पण दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरचा त्याचा हिशेब, त्याचा डेटा, त्याच्या परवानगीशिवाय अडवला किंवा पुसला, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ तुमच्यावर येऊ शकतं. सॉफ्टवेअर तुमचं, पण आत लिहिलेली उधारी त्याची. नवी पट्टी थांबवा, पण जुना हिशेब पाहणं आणि छापणं कधीच थांबवू नका.

नोंदणीही करून ठेवा. ती सक्तीची नाही, हक्क प्रोग्रॅम लिहिताच मिळतो, पण वाद झाला तर पुरावा लागतो. फी ५०० रुपये, आणि सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं द्यावी लागतात.

---

बर्डीवाला

आलो. आमच्या दुकानातलं सॉफ्टवेअर तीन वर्षांपूर्वी ऑनलाइन झालं. दर सकाळी सुरू होताना ते सर्व्हरला विचारतं. एका रविवारी सर्व्हर बंद. काउंटरला आठ माणसं उभी, त्यात एक बाई लहान मुलाचं तापाचं औषध मागत होती. औषध कपाटात दिसत होतं, पण बिल निघेना. मी हाताने चिठ्ठी लिहून दिली आणि सगळा स्टॉक रात्री बसून जुळवला. मी दरवर्षी वेळेवर पैसे भरतो हो. मग माझ्यावर रोज सकाळी संशय कशाला?

तपासणी करा, पण तिला उत्तर मिळालं नाही म्हणून लगेच दार बंद करू नका. पंधरा दिवस, महिनाभर मुदत द्या.

---

फुटाळा_संध्याकाळ

थोडं अवांतर. कॉपी थांबवायच्या नादात एक व्हायरस जन्माला आला हे किती जणांना माहीत आहे? लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी १९८६ मध्ये "ब्रेन" लिहिला. आमच्या सॉफ्टवेअरच्या कॉप्या होत होत्या म्हणून लिहिला, असं त्यांनी सांगितलं. आत स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, संपर्क करा म्हणून. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना पहिला वाचतो त्या भागात) बसून तो जगभर गेला आणि परदेशातून त्यांना फोन येऊ लागले.

---

तर्री_जास्त

अवांतरात माझीही भर. लहानपणी प्रिन्स ऑफ पर्शिया खेळायचो. पहिली पातळी संपली की एक खोली यायची, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. पुस्तिकेतल्या अमुक पानावर, अमुक ओळीत, अमुक शब्दाचं पहिलं अक्षर शोधून तीच बाटली प्यायची. चुकली की मेलो. माझ्याकडे पुस्तिका कुठली! मोठ्या दादाने सगळी उत्तरं रफ वहीच्या मागच्या पानावर लिहून आणली होती, त्या पानाची पुढे झेरॉक्स आणि झेरॉक्सची झेरॉक्स झाली.

---

जुनी_फ्लॉपी

तर्रीराव, ती वही सांभाळून ठेवायला हवी होती!

त्याच वाटेवरचं पुढचं सांगतो. सीडीच्या काळात गेमच्या सीडीची कॉपी रोखणारे सेफडिस्क आणि सेक्युरॉम आले. त्यातल्या सेफडिस्कसाठी विंडोजमध्ये खोलवर एक ड्रायव्हर बसवलेला असायचा. २००७ मध्ये त्या ड्रायव्हरमध्येच सुरक्षेचं भोक सापडलं. २०१५ ला विंडोज १० आलं तेव्हा तो ड्रायव्हर काढून टाकला, आणि मुलासाठी मूळ किंमत मोजून घेतलेल्या माझ्या सीड्या नव्या कॉम्प्युटरवर चालायच्या बंद झाल्या. सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीडीने २००५ मध्ये तर गुपचूप रूटकिट (कॉम्प्युटरमध्ये लपून राहणारा प्रोग्रॅम) बसवलं होतं, मार्क रसिनोविच यांनी ते उघडकीला आणलं आणि सीड्या परत घ्याव्या लागल्या. विकत घेतलेल्या घरात दुकानदाराचा माणूस पलंगाखाली लपून बसावा, असा तो प्रकार.

---

शिकतोय_अजून

मी डिप्लोमाला आहे. खरं बोलतो, मी जे काही शिकलो ते सगळं कॉपीवरच शिकलो. आमच्या घरी ९,००० चं काही येऊच शकत नव्हतं. कडक कुलूप असतं तर मी कॅडही शिकलो नसतो. सगळ्यांना चोर म्हणू नका.

---

वऱ्हाडी_हिशोब

तुला कोणी चोर म्हटलं नाही गा बाळा. तू शिकतोस, अडत्या त्याच्यावर कमावतो. पण आता शिकलास ना, तर ज्या दिवशी पहिलं काम घेशील त्या दिवशी लायसन्स घे, किंवा मुक्त सॉफ्टवेअरवर काम कर. फ्रीकॅड आहे, लिब्रेऑफिस आहे, गिंप आहे. कुणाचं काही तोडावं लागत नाही.

---

आयटीपार्क_गायत्रीनगर

आणि बऱ्याच मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट किंवा नाममात्र दरात देतात. कॉलेजच्या ईमेलवरून चौकशी कर, मी मदत करतो. निरोप टाक.

---

कळमन्याचा_कोडर

सगळ्यांचे मनापासून आभार. अक्षरजुळारी काका, तुमचा लॉकचा अनुभव वाचून मला माझीच एक चूक सांगावीशी वाटली.

पाच वर्षांपूर्वी मी हार्ड डिस्कच्या नंबरवर कुलूप लावलं होतं, आयटीपार्कदादा नको म्हणतात तसंच. आंबिया बहाराचे दिवस होते. काटोल, नरखेड, वरूडकडून संत्र्याच्या गाड्या पहाटेपासून लागलेल्या. आदल्या रात्री एका दुकानदाराची डिस्क गेली, दुरुस्तीवाल्याने रात्रीतून नवी टाकून बॅकअप चढवून दिला. सकाळी हर्रास (लिलाव) झाला, मुनीमजी पट्टी काढायला बसले आणि स्क्रीनवर माझाच संदेश: "ही प्रत अधिकृत नाही."

मी त्या दिवशी चंद्रपूरला होतो, फोन रेंजच्या बाहेर. तीन तास. त्या तीन तासांत चौदा शेतकरी दुकानासमोर ओट्यावर बसून होते. एका म्हाताऱ्या बाबांना परतीची गाडी पकडायची होती. पट्टी हातात नाही तर पैसे कसे मोजणार? मुनीमजींनी शेवटी जुनं पावतीपुस्तक काढून हाताने पट्ट्या लिहिल्या. ते दुकान माझं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पूर्ण रक्कम चेकने दिली होती आणि पेढाही खाऊ घातला होता. "अधिकृत नाही" हे मी त्यांना म्हटलं होतं!

त्याच रात्री ते कुलूप काढून टाकलं. आणि आता हे १९. मधला रस्ता सापडत नाही, म्हणून हा धागा.

---

अक्षरजुळारी

कोडरदादा, एक विचारू का? पट्टीवर दुकानाचं नाव कुठून येतं?

---

कळमन्याचा_कोडर

सेटिंगमध्ये टाकायचं काका. नाव, पत्ता, बाजार समितीचा परवाना क्रमांक. दुकानदार स्वतः बदलू शकतो.

---

अक्षरजुळारी

मग ते बदलू देऊ नका ना राजेहो! आमच्याकडे पावतीपुस्तक छापताना नाव ब्लॉकमध्येच असतं. ते पुस्तक शेजारच्या दुकानदाराने उचलून नेलं तर त्याच्या काय कामाचं? दुसऱ्याच्या नावाची पट्टी शेतकऱ्याच्या हातात देणार का तो? व्यापाऱ्याला दुसऱ्याच्या नावाचं बिल देणार का? सॉफ्टवेअरमध्येही नाव असंच पक्कं छापून द्या. मग खुशाल करू दे कॉपी.

---

आयटीपार्क_गायत्रीनगर

काका, हे एक नंबर आहे. मी इतक्या दुरून सांगत होतो आणि तुम्ही थेट पट्टीवर बोट ठेवलं.

कोडरभाऊ, सही केलेल्या फाइलमध्ये दुकानाचं नाव, परवाना क्रमांक आणि जीएसटी असेल तर तो क्रमांक घाला. पट्टीचा मथळा थेट त्या फाइलमधून छापा, सेटिंगमधून नाही. एक अक्षर बदललं तर सही जुळणार नाही. कॉम्प्युटरशी काही बांधायचंच नाही. डिस्क गेली, मदरबोर्ड गेला, नवा कॉम्प्युटर घेतला, तीच फाइल टाका आणि चालू. तुमचं चंद्रपूर पुन्हा होणार नाही.

काळजी दोनच. मथळ्याचा भाग रिकामा सोडून दुकानदार आधीच छापलेल्या लेटरहेडवर पट्टी काढू शकतो, म्हणून नाव तळाशी रकमेच्या ओळीतही छापा. आणि खासगी किल्लीच्या दोन प्रती वेगवेगळ्या जागी ठेवा, ती हरवली तर नवी लायसन्स देता येणार नाहीत.

---

सीए_रामदासपेठ

हिशेबाच्या बाजूनेही उत्तम. दुसऱ्याच्या परवाना क्रमांकाच्या पट्ट्या काढणं कुठलाही शहाणा अडत्या करणार नाही. बाजार समितीची तपासणी आली तर उत्तर काय देणार?

---

बर्डीवाला

आमच्या मेडिकलच्या बिलावरही ड्रग लायसन्स नंबर छापतो. हे तिथेही चालेल. माझ्या विक्रेत्याला हा धागा पाठवतो आहे.

---

वऱ्हाडी_हिशोब

पटलं. माझं "बंद करून टाका" मागे घेतो. पण त्या १९ जणांचं काय?

---

कळमन्याचा_कोडर

दीड महिन्यानंतर लिहितोय, कामात अडकलो होतो.

नवी आवृत्ती केली. नाव, परवाना आणि गाळा नंबर सही केलेल्या फाइलमधून येतात, पट्टीच्या वर आणि एकूण रकमेखाली दोन्हीकडे छापतात. फाइल नसली तर जुना हिशेब दिसतो, छापता येतो, उधारीची यादीही निघते. फक्त नवी पट्टी निघत नाही. किल्लीची एक प्रत घरी, एक बहिणीकडे नंदनवनला. ६२ ही दुकानांत मी स्वतः जाऊन बदलून दिलं, पैसे घेतले नाहीत. पहिल्या गिऱ्हाइकाकडे आधी गेलो आणि मुनीमजींसमोर कॉम्प्युटर बंद करून, डिस्क काढून, दुसऱ्या डिस्कवर बॅकअप चढवून दाखवला. पट्टी निघाली. ते म्हणाले, "आता जा कुठं जायचं ते चंद्रपूरले."

त्या १९ जणांकडेही गेलो. भांडलो नाही. जुनी आवृत्ती चालू राहील पण सर्व्हिस मिळणार नाही, हे सांगितलं. नव्या आवृत्तीत व्यापारीवार उधारीचा तक्ता आणि एसएमएस आहे, तोही दाखवला. ११ जणांनी पूर्ण पैसे देऊन घेतलं. त्यात प्रिंटरच्या केबलवाले पहिले. दोघांनी हप्ते मागितले, दिले. बाकीचे अजून विचार करून राहिले.

दुरुस्तीवाल्या पोरालाही भेटलो. बसवून द्यायचे दुकानामागे ७०० रुपये मी तुला देतो, म्हटलं. आता तो यार्डात माझं सॉफ्टवेअर बसवून देतो, बिल माझ्या नावाचं.

---

तर्री_जास्त

वा! पोह्याची एक प्लेट माझ्याकडून, त्या पोरालाही घेऊन या.

---

शिकतोय_अजून

कोडरदादा, सही करायचा तो भाग मला बघायला मिळेल का? खासगी किल्ली नको, फक्त पद्धत.

---

कळमन्याचा_कोडर

नक्की. रविवारी ये, बसून दाखवतो. किल्ली बनवण्यापासून सुरू करू.

एक नवी अडचण मात्र आली आहे, सीएताईंना विचारायची होती. एका दुकानातले दोघे भाऊ वेगळे होऊन राहिले. जुनं नाव मोठ्याकडे, धाकट्याने नव्या नावाचा परवाना काढला. धाकटा म्हणतो पैसे तर आम्ही दोघांनी मिळून भरले होते, मग मला पुन्हा का भरायचे? त्याचं बोलणं मला चुकीचं वाटत नाही.

---

सीए_रामदासपेठ

बिल फर्मच्या नावाचं आहे ना? मग लायसन्स फर्मचं, ते जुन्या नावासोबत मोठ्याकडे राहील. पण वाटणीच्या तारखेपर्यंतचा हिशेब दोघांचाही आहे, त्याची पूर्ण प्रत धाकट्याला द्यायलाच हवी, नाहीतर त्याच्या वाट्याची उधारी तो वसूल कशी करणार? नव्या लायसन्सचे किती घ्यायचे हे तुमच्या मनावर.

---

कळमन्याचा_कोडर

मग डेटाची प्रत दोघांना, आणि धाकट्याला नव्या नावाची फाइल निम्म्या किमतीत. उद्या सकाळी हर्रासाच्या आधीच जातो, दोघे एकाच ओट्यावर भेटतील.